अतिवेगासाठी पर्यायी शिक्षा

वेगमर्यादा ओलांडताना पकडलेल्या चालकाला रोख दंड आणि परवान्यावरील दंडगुण (गुन्ह्यामागे परवान्यावर नोंदले जाणारे, ठरावीक संख्येपर्यंत साचले की गाडी चालवणे बंद करणारे गुण) यांच्याऐवजी, किंवा त्यांच्या जोडीला, दिली जाणारी वेगळी शिक्षा. ठरावीक तासांचा वर्ग, रस्त्याकडेचा सक्तीचा थांबा, उत्पन्नाच्या प्रमाणात आकारलेला दंड, समाजसेवा आणि वाहनजप्ती हे तिचे मुख्य प्रकार. ठरावीक रकमेचा दंड सगळ्यांना सारखा लागत नाही. एकाचा दोन दिवसांचा रोज बुडतो, तर दुसऱ्याच्या हिशेबात तो टोलसारखा खर्च होऊन बसतो. शिवाय दंड भरताना आपण नेमके कुठे चुकलो, हे चालकाला कळेलच असे नाही. पर्यायी शिक्षांचा जन्म या दोन उणिवांतून झाला.

ब्रिटनमधील वर्ग

या प्रकारांपैकी सर्वांत जास्त वापरला गेलेला आणि नीट तपासला गेलेला नमुना म्हणजे इंग्लंड-वेल्समधील ‘स्पीड अवेअरनेस कोर्स’. वाहतूक कायद्याचा आढावा घेणाऱ्या नॉर्थ समितीने १९८८ मध्ये चुकणाऱ्या चालकांना पुन्हा शिकवण्याची शिफारस केली. त्यानंतर डेव्हन परगण्यात १९९१ मध्ये पहिले प्रयोग झाले. आज दरवर्षी दहा लाखांहून अधिक चालक या वर्गाला बसतात.

वर्ग मागून मिळत नाही. पोलीस देऊ करतात, आणि तोही एका अरुंद पट्ट्यातच. सर्वसाधारण सूत्र असे, की मर्यादेच्या १० टक्के अधिक २ मैल इथपासून १० टक्के अधिक ९ मैल इथपर्यंत. म्हणजे ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३५ ते ४२, आणि ७० मैलांच्या मोटरवेवर ७९ ते ८६. या पट्ट्याच्या वर गेलेल्याला दंड आणि गुण, त्याच्याही वर गेलेल्याला न्यायालय. मागच्या ३ वर्षांतल्या एखाद्या गुन्ह्यासाठी असाच वर्ग केलेला असेल, तर पुन्हा संधी नाही. ही ३ वर्षे मोजताना गुन्ह्याची तारीख धरतात, वर्गाची नाही. अनेकांचा इथेच घोळ होतो.

कॅमेऱ्यात गाडी टिपली गेली, की १४ दिवसांच्या आत नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर नोटीस पोहोचावी लागते. मालकाने २८ दिवसांत त्या वेळी गाडी कोण चालवत होते ते कळवायचे. न कळवणे हा वेगळाच गुन्हा आहे आणि त्याला ६ गुण व १००० पौंडांपर्यंत दंड आहे, म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा जड. त्यामुळे गप्प बसून सुटका होत नाही. चालक ठरला आणि तो पट्ट्यात बसत असेल, तर वर्गाचा देकार येतो. तो नाकारला तर किमान १०० पौंड दंड आणि ३ गुण. ३ वर्षांत १२ गुण साचले की साधारणतः ६ महिने गाडी बंद. नवशिक्याचा परवाना तर पहिल्या २ वर्षांत ६ गुणांवरच रद्द होतो. म्हणून शुल्क दंडाच्या आसपास असूनही बहुतेक जण वर्गच निवडतात.

वर्गासाठी मुदत दिलेली असते. न्यायालयात खटला भरायला गुन्ह्यापासून ६ महिनेच मिळतात, त्यामुळे कोणी वर्ग बुडवला तर प्रकरण पोलिसांकडे परत जायला पुरेसा अवधी उरला पाहिजे. पूर्वी वर्ग सभागृहात सुमारे ४ तास चाले. २०२० पासून तो मुख्यतः व्हिडिओ कॉलवर होतो आणि पावणेतीन तासांच्या आसपास संपतो. सुरुवातीला प्रशिक्षक ओळखपत्र पाहतात. कॅमेरा सतत चालू हवा आणि चालक खोलीत एकटा हवा. उशिरा जोडलेल्याला आत घेत नाहीत. मध्येच उठून जाणाऱ्याचा, फोनवर बोलणाऱ्याचा किंवा गाडीत बसून जोडल्या गेलेल्याचा वर्ग पूर्ण झाला असे धरत नाहीत. परीक्षा नसते, पण नुसते बसून राहून भागत नाही. भाग घ्यावाच लागतो.

शिकवण्याचा बराच भाग अगदी साध्या गोष्टींचा असतो. वेगळा फलक नसेल आणि रस्त्यावर ठरावीक अंतराने दिवे असतील, तर इंग्लंडमध्ये मर्यादा ३० मैल समजायची. हा नियम विसरलेले चालक वर्गात हमखास भेटतात. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून अशा रस्त्यांवर २० मैल मर्यादा लागू झाली. ३० च्या भागात तिसरा गिअर ठेवावा, म्हणजे वेग नकळत चढला की इंजिनाचा आवाज बदलून तो लक्षात येतो, हेही इथेच शिकवतात.

मनावर सर्वांत ठसणारा भाग थांबण्याच्या अंतराचा. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या चालकाला समोर मूल दिसले आणि ब्रेकवर पाय पडायला १ सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक लावल्यावर आणखी १४ मीटर लागतात. म्हणजे मूल २८ मीटरवर असेल तर गाडी त्याच्या जेमतेम अलीकडे थांबते. तीच गाडी ६० ने येत असेल तर पहिल्या सेकंदातच जवळजवळ १७ मीटर संपतात आणि ब्रेकला ११ मीटरच उरतात. मुलापाशी पोहोचते तेव्हा ती अजून ताशी सुमारे ४० च्या वेगात असते. १० किलोमीटरचा फरक धडकेच्या क्षणी ४० चा होतो. दंडाच्या पावतीवर हा हिशेब नसतो.

या वर्गाचा परिणाम ब्रिटनच्या परिवहन खात्याने १४ लाख चालकांच्या नोंदींवरून तपासून घेतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, वर्गामुळे पुढच्या ६ महिन्यांत पुन्हा पकडले जाण्याची शक्यता १२ ते २३ टक्क्यांनी घटली. अपघात कमी झाले का, हे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. एकेका चालकाच्या वाट्याला येणारे अपघात इतके थोडे असतात, की फरक मोजायला तेवढ्या नोंदीही अपुऱ्या पडल्या. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. दंड सरकारी तिजोरीत जातो, पण वर्गाच्या शुल्काचा काही भाग खर्चभरपाई म्हणून पोलिसांना मिळतो. त्यामुळे ही कमाईची सोय असल्याचा आरोप अधूनमधून होतो. तो टाळायचा तर शुल्काचा प्रत्येक पौंड कुठे जातो हे जाहीर असले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील ‘ट्रॅफिक स्कूल’ वरवर असेच दिसते, पण तिथे दंड पूर्ण भरावाच लागतो, वर शुल्कही. वर्गाने साधते ते इतकेच, की गुण विमा कंपनीला दिसत नाही. १८ महिन्यांत एकदाच ही सवलत मिळते, आणि मर्यादेपेक्षा २५ मैलांहून जास्त वेग असेल तर मिळत नाही.

वेळेचा दंड

एस्टोनियात २०१९ मध्ये टालिन ते रापला रस्त्यावर एक सरळ कल्पना अजमावली गेली. पकडलेल्या चालकापुढे दोन वाटा ठेवल्या: दंड भरा, किंवा रस्त्याकडेला गाडी लावून थांबा. मर्यादेपेक्षा २० किलोमीटरपर्यंत जास्त असेल तर ४५ मिनिटे, २१ ते ४० असेल तर १ तास. घाई करणाऱ्याने वाचवलेला वेळच काढून घ्यायचा, हा त्यामागचा विचार. या सुमारे ५० किलोमीटरच्या अंतरात ९० ऐवजी ११० ने गेल्यास वाचतात जेमतेम ६ मिनिटे, तीही सगळा रस्ता मोकळा मिळाला तर. त्या ६ मिनिटांसाठी ४५ मिनिटे स्वस्थ बसावे लागले की हिशेब आपोआप कळतो. वेळेचा दंड श्रीमंताला आणि गरिबाला जवळपास सारखाच बोचतो, हे त्याचे खरे मोल.

अडचण मनुष्यबळाची आहे. थांबलेल्या गाड्यांवर लक्ष ठेवायला पोलीस लागतो, गाड्या लावायला सुरक्षित रुंद जागा लागते, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या चालकाला हा पर्याय देताच येत नाही. अरुंद कडेला गाड्यांची रांग लावली तर तीच धोका ठरते.

फिनलंडचा मार्ग वेगळा आहे. तिथे १९२१ पासून दिवस-दंडाची पद्धत आहे, म्हणजे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार दिवस ठरतात आणि उत्पन्नानुसार एका दिवसाचा दंड. मर्यादेपेक्षा २० किलोमीटरहून जास्त वेग असेल तर ती लागू होते. कर वजा जाता उरलेल्या मासिक उत्पन्नातून २५५ युरो वगळून ६० ने भागले की एका दिवसाचा दंड निघतो. अवलंबून असलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे त्यातून ३ युरो कमी करतात. हाती ३००० युरो येणाऱ्या, एकट्या माणसाला असे १२ दिवस झाले तर सुमारे ५५० युरो. २०२३ मध्ये ओलान्ड बेटांवर एका उद्योजकाला ५० च्या भागात ८२ ने गाडी हाकल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. ही पद्धत चालते, कारण पोलिसांना करखात्याची माहिती तत्काळ मिळते. जिथे बहुसंख्य लोकांचे उत्पन्न नोंदलेलेच नाही, तिथे ती उचलून लावता येणार नाही.

बेफाम वेगासाठी समजुतीचे उपाय कामाचे नाहीत. ऑस्ट्रियाने १ मार्च २०२४ पासून शहरात मर्यादेपेक्षा ६० आणि बाहेर ७० किलोमीटरहून जास्त वेगासाठी गाडी जागीच जप्त करण्याची तरतूद केली. टोकाच्या प्रकरणांत ती लिलावात विकता येते.

भारतात

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दोन दारे उघडली. कलम २०० नुसार, खटल्याऐवजी भरायच्या तडजोडीच्या रकमेच्या जोडीला समाजसेवाही करायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कलम १८३ खाली अतिवेगाचा दंड हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २००० ते ४००० रुपये असून, पुन्हा सापडल्यास परवाना अडकवून ठेवता येतो. कलम १९ खाली निलंबित झालेला परवाना उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परत द्यायचा आहे. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने वेग ओलांडणाऱ्या चालकांचे समुपदेशन सुरू केले, ते याच दिशेचे पाऊल होते.

मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर बाल न्याय मंडळाने घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीमुळे पर्यायी शिक्षा हा विषयच बदनाम झाला. ती अट जामिनाची होती, शिक्षा नव्हती. आणि दोन जीव गेलेले प्रकरण वर्गाच्या किंवा निबंधाच्या पट्ट्यात बसतच नाही. असे पर्याय मर्यादा थोडीशी ओलांडणाऱ्या आणि कोणालाही इजा न केलेल्या चालकासाठीच असतात.

आपल्याकडची खरी अडचण त्याआधीची आहे. ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावावर फाटते. वाहन नोंदणीतला मोबाइल क्रमांक जुना असला तर चलान झाल्याचा पत्ताही लागत नाही. थकलेली चलाने पुढे लोकअदालतीत कमी रकमेत मिटतात. चालक कोण होता, हे या सगळ्या प्रवासात कोणी विचारत नाही, आणि ज्याचे नाव माहीत नाही त्याला वर्गात बसवता येत नाही. पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर आधीपासूनच घातलेले आहे. प्रत्येक अतिवेगाच्या चलानासोबत ही विचारणा पाठवणे आणि उत्तर न देणाऱ्याला मूळ दंडापेक्षा जड शिक्षा ठेवणे, इथूनच भारतात सुरुवात करावी लागेल.