फोकसिंग रेल

फोकसिंग रेल : कॅमेरा लेन्ससकट पुढे-मागे सरकवण्यासाठी ट्रायपॉडचे डोके आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची सरकती पट्टी. मुंगी, फुलातले पुंकेसर, नाण्यावरची अक्षरे अशा बारीक गोष्टी सेन्सरवर मूळ आकारात किंवा त्याहून मोठ्या उमटवायच्या असल्या की फोकस साधायला लेन्सवरच्या कडीपेक्षा ही पट्टी उपयोगी पडते. बाजारात ती ‘मॅक्रो रेल’ किंवा ‘मॅक्रो स्लायडर’ या नावांनीही मिळते. व्हिडिओसाठीचा लांब स्लायडर ही मात्र वेगळी वस्तू आहे. तो अलगद सरकतो, पण नेमक्या जागी थांबत नाही, आणि मॅक्रोत, म्हणजे अशा अगदी जवळून घेतलेल्या चित्रांत, सगळा खेळ थांबण्याचा असतो.

कोणती रेल घ्यावी हे छायाचित्रकार किती विशालनावर, म्हणजे वस्तूच्या किती पट मोठ्या प्रतिमेवर, काम करणार आहे यावरून ठरते. लांबी, वजन आणि किंमत यांचा विचार त्यानंतर. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो, आणि त्यामुळे बऱ्याच घरांत न वापरलेली एक रेल कपाटात पडून असते.

कडी का पुरत नाही

दूरच्या दृश्याला फोकस करताना कडी फिरवली की लेन्स किंचित पुढे-मागे होते आणि काम भागते. १:१ या विशालनाजवळ, म्हणजे वस्तू आणि तिची सेन्सरवरची प्रतिमा एकाच मापाची असते तिथे, हे गणित बिघडते. १०० मिमी नाभीय अंतराची साधी लेन्स घेतली तर १:१ ला वस्तूपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४०० मिमी येते. हे शक्य असलेले सर्वांत कमी अंतर. विशालन ०.९ वर आणायला लेन्स १० मिमी मागे घ्यावी लागते, पण वस्तू-सेन्सर अंतर फक्त ४०१.१ मिमी होते. दहा मिलिमीटर हलवून फोकसचे प्रतल जेमतेम एका मिलिमीटरने सरकले, आणि चित्रातली वस्तू मात्र दहा टक्क्यांनी लहान झाली. नवशिक्याला कडी ‘फिरते पण फोकस होत नाही’ असे वाटते त्याचे कारण हे. आजच्या बहुतेक मॅक्रो लेन्समध्ये फोकस आतली भिंगे हलवून होतो, म्हणून आकडे थोडे बदलतात. कुरकुर तीच राहते.

रेलवर कॅमेरा आणि लेन्स एकत्र सरकतात. विशालन कायम राहते आणि रेल जितकी हलेल तितकेच फोकसचे प्रतल हलते. कॅननच्या एमपी-ई ६५ मिमी या १ ते ५ पट विशालनाच्या लेन्सला फोकसची कडीच नाही; तिच्यावरची कडी विशालन बदलते. अशा लेन्ससोबत हाताने कॅमेरा पुढे-मागे झुलवावा, नाहीतर रेल वापरावी. बेलोज (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा घड्यांचा भाता), एक्स्टेन्शन ट्यूब (तिथेच बसणारी पोकळ नळी), उलटी लावलेली लेन्स आणि कॅमेऱ्याला जोडलेले सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग यांचीही तीच कथा. बेलोजच्या काळात रेल वेगळी घ्यावी लागत नसे: निकॉनच्या पीबी-४ आणि पीबी-६ या बेलोजना खाली स्वतःची सरकपट्टी होती.

किती बारीक पाऊल हवे

पाऊल किती ठेवायचे हे डेप्थ ऑफ फील्डवर, म्हणजे वस्तूचा जितका थर एका वेळी स्पष्ट दिसतो त्याच्या जाडीवर अवलंबून असते. फुलफ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सर आणि अस्पष्टतेची नेहमीची ०.०३ मिमीची मर्यादा धरली तर एफ/८ या छिद्रावर (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) १:१ ला हा थर सुमारे १ मिमी जाड असतो. त्याच छिद्रावर २:१ ला तो ०.३६ मिमी उरतो. ५:१ ला एफ/२.८ वर तो ०.०४ मिमी, म्हणजे ४० मायक्रॉनवर येतो. बहुतेकांच्या डोक्यावरचा केस याहून जाड असतो. दाट पिक्सेलच्या सेन्सरवर निकष आणखी कडक लावावा लागतो.

छिद्र बारीक करून हा थर वाढवता येतो, पण फार नाही. मॅक्रोत प्रत्यक्ष छिद्र लेन्सवर लिहिलेल्यापेक्षा लहान पडते: लिहिलेल्या आकड्याला (१ + विशालन) या संख्येने गुणावे लागते. १:१ ला एफ/८ म्हणजे खरे तर एफ/१६, आणि ५:१ ला एफ/२.८ म्हणजे जवळपास एफ/१७. याहून बारीक केले तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळे चित्रच मऊ होते. म्हणून मोठ्या विशालनावर एकच चित्र घेत नाहीत. फोकस थोडा थोडा पुढे नेत अनेक चित्रे घेतात आणि हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर अशा सॉफ्टवेअरमध्ये त्यांतले स्पष्ट भाग जोडतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. लागोपाठच्या चित्रांचे थर थोडे एकमेकांवर यावेत म्हणून पाऊल थराच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के ठेवण्याची पद्धत आहे. एक मिलिमीटर खोलीचे मुंगीचे डोके ५:१ ला टिपायचे तर ३० मायक्रॉनच्या पावलाने तीस-पस्तीस चित्रे लागतात. १० पट, ०.२८ संख्यात्मक छिद्राचे (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेते याचे हे माप) वस्तुभिंग लावले तर थर ७ मायक्रॉनवर येतो. मग पाऊल ५ मायक्रॉनचे, आणि त्याच डोक्यासाठी चित्रे दोनशे.

रॅक, स्क्रू आणि ‘प्ले’

रेलचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात दातेरी पट्टी (रॅक) आणि तिच्यावर फिरणारे दातेरी चाक असते. गुंडीचा एक फेरा घेतला की कॅमेरा बहुधा सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही जास्त सरकतो. फ्रेम जमवायला हे झटपट, १:१ पर्यंतच्या एकेकट्या चित्रांना ठीक. पण अशा रेलवर ३० मायक्रॉनचे पाऊल म्हणजे गुंडी फिरवण्याचा नुसता विचार करण्याइतके. चार दिशांना सरकणाऱ्या, दोन मजली स्वस्त रेली बहुतेक याच जातीच्या असतात.

दुसऱ्या प्रकारात आटे पाडलेला लांब दांडा गुंडीने फिरतो आणि त्याच्यावरची नट कॅमेऱ्याची बैठक ओढते. आट्यांचे अंतर १ मिमी असेल तर एका फेऱ्यात कॅमेरा १ मिमी जातो आणि दहा अंशांच्या वळणात सुमारे २८ मायक्रॉन. म्हणजे ५:१ चा स्टॅक हाताने जमतो, मान अवघडते इतकेच. गुंडीवर खुणा नसतील तर कागदाची अंशपट्टी चिकटवून घ्यावी. ५ मायक्रॉनसाठी मात्र गुंडी १.८ अंश फिरवावी लागेल, आणि ते शंभरदा एकसारखे करणे माणसाच्या बोटांचे काम नाही. एका फेऱ्यात बैठक जेमतेम मिलिमीटरभर जात असल्याने ती लांबवर नेताना स्क्रूचा कंटाळा येतो, म्हणून काही रेलींत नट सोडवून बैठक हाताने सरकवण्याची सोय असते. ती असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आट्यांच्या बारकाईइतकेच महत्त्व ‘प्ले’ला आहे. लेथवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. हँडल उलटे फिरवले की सुरुवातीचा थोडा फेरा रिकामा जातो, कारण नट आणि आटे यांच्यामध्ये फट असते. म्हणूनच कसलेला टर्नर नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, पुढे गेलाच तर बराच मागे जाऊन पुन्हा येतो. रेलवरही तसेच करावे: स्टॅकच्या सुरुवातीच्या जागेपेक्षा थोडे मागे जाऊन, पुढे येत सुरू करावे आणि मध्ये उलट फिरू नये. हा पुढचा-मागचा प्ले शिस्तीने सांभाळता येतो. आडवा प्ले, म्हणजे बैठकीचे डावीकडे-उजवीकडे डुलणे, कशानेच सांभाळता येत नाही. तशी रेल परत करावी.

कॅमेरा उभा, खाली तोंड करून लावला तर त्याच्या वजनानेच नट एका बाजूला दाबून राहते आणि प्ले जवळपास नाहीसा होतो. बारीक आट्यांचा स्क्रू वजनाने आपोआप फिरत नाही. दातेरी पट्टीची रेल मात्र बैठक जागी पक्की करणारी कळ घट्ट केली नाही तर हळूहळू घसरते. नाणी, टपालतिकिटे, हर्बेरियमचे (वाळवून जपलेल्या वनस्पतींचे) नमुने टिपणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

लांबी, बैठक आणि पाया

स्टॅकिंगला प्रत्यक्षात लागणारी चाल दहा-पंधरा मिलिमीटरच्या वर क्वचित जाते. दीडशे मिलिमीटरची रेल घेतात ती फ्रेम जमवायच्या सोयीसाठी, कारण ट्रायपॉडचे पाय बोटभर सरकवणे हा वैताग असतो. लांब रेलचा तोटा बाहेर कळतो. एमपी-ई ६५ पाच पटीवर असताना लेन्सचे तोंड आणि किडा यांच्यात ४१ मिमी अंतर असते. लेन्सच्या खालून रेलचे नाक पुढे आले तर ते गवतात शिरते, फूल हलते, किडा उडतो. म्हणून मागच्या बाजूला जास्त वाव असलेली रेल बरी.

कॅमेरा रेलवर नुसत्या पाव इंची स्क्रूने बसत असेल तर जड लेन्समुळे तो हळूहळू वळतो. आर्का-स्विस पद्धतीच्या तिरप्या कडांच्या पकडीत हा प्रश्न येत नाही, आणि लेन्सला कॉलर, म्हणजे तिलाच धरून बसवायचे कडे, असेल तर तोल रेलच्या मध्यावर आणता येतो. जर्मनीतील मेमिंगेनच्या नोव्होफ्लेक्सच्या रेली याच पकडीसाठी बांधलेल्या आहेत, आणि आता बऱ्याच चिनी उत्पादकांनीही ती स्वीकारली आहे.

घरात काम करायचे तर ट्रायपॉड नकोच. रेल आणि नमुना एकाच जड पाट्यावर घट्ट बसवले की कंप आला तरी दोघांना एकदमच येतो आणि चित्रात दिसत नाही. ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा आणि खाली रबराचे चार तुकडे, एवढ्यात भागते. हजारो रुपयांच्या रेलखाली डगमगते टेबल, ही जोडी नेहमी दिसते. पाऊल टाकल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मगच शटर दाबावे, आणि फ्लॅश कमी शक्तीवर ठेवावा, म्हणजे त्याचा क्षणिक झोत उरलेला कंप गोठवून टाकतो.

मोटर लावलेली रेल

पाच पटीच्या पुढे हाताचे काम संपते. तिथे स्टेपर मोटरची रेल लागते. सर्वसाधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, दर पावलाला १.८ अंश, १ मिमी आट्यांच्या दांड्यावर हे बरोबर ५ मायक्रॉन होतात. जाहिरातीत याच्या सोळाव्या भागाचेही आकडे देतात. नियंत्रक तसे आदेश देतो हे खरे, पण दांडा, नट आणि बेअरिंग तितके नेमके असतातच असे नाही. अमेरिकेतील कॉग्निसिसची स्टॅकशॉट ही या प्रकारातली परिचित रेल. सुरुवात, शेवट आणि पाऊल सांगितले की ती सरकते, थांबते, शटर दाबते. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्राकृतिक इतिहास संग्रहालयातले कीटक असेच टिपले. एका कीटकाचे सुमारे तीस भाग करून, १० मायक्रॉनच्या पावलाने, एकेका कीटकासाठी आठ हजारांवर चित्रे.

हात चालत असेल तर याला स्वस्त वाट आहे. भंगारातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची फोकसची यंत्रणा काढून तिच्यावर नमुना ठेवतात. तिची बारीक गुंडी एका फेऱ्यात बहुधा ०.२ मिमीच सरकते आणि तिच्यावर दोन-दोन मायक्रॉनच्या खुणा असतात. इथे कॅमेरा स्थिर आणि नमुना हलता, त्यामुळे दिवे आणि पांढऱ्या कागदाचा पडदा नमुन्याच्या अगदी जवळ असतील तर उजेड किंचित बदलतो. तरीही इतक्या कमी चालीत ते बहुधा जाणवत नाही.

जिथे रेल नको

१:१ पेक्षा कमी विशालनावर, म्हणजे फुलपाखरू, अख्खे फूल, दागिना अशा कामाला, रेलपेक्षा लेन्समधला फोकस टप्प्याटप्प्याने बदलणे चांगले. रेलने सगळा कॅमेरा हलतो, त्याबरोबर दृष्टिकोनबिंदूही हलतो. पुढच्या मिशा मागच्या पायांच्या तुलनेत दर चित्रात थोड्या सरकतात आणि जोडताना कडांना भुतासारखी प्रभा येते. शिवाय हे काम आता कॅमेरेच करतात: ऑलिंपसच्या ई-एम१ ला २०१५ मध्ये फर्मवेअरमधून ही सोय मिळाली, निकॉनच्या डी८५० मध्ये २०१७ साली आणि कॅननच्या ईओएस आरपीमध्ये २०१९ साली आली. ऑटोफोकसची मॅक्रो लेन्स आणि असा कॅमेरा हाताशी असताना केवळ १:१ साठी रेल घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

वारा असेल तिथेही रेल निरुपयोगी. कास पठारावर सप्टेंबरात सीतेची आसवं ही फुले किंवा दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट केस टिपायला बसले की रेल एक पाऊल सरकेपर्यंत फूल वाऱ्याने पाच मिलिमीटर डोललेले असते. तिथे जमिनीवर कोपर टेकून, अंगाने पुढे झुकत, चित्रांची सरबत्ती लावणारे यशस्वी होतात. पहाटेचे, वारा पडलेले आणि किडे गारठलेले तासभर एवढाच रेलचा मोसम. संग्रहालयातल्या किंवा घरातल्या मेलेल्या नमुन्यांसाठी मात्र बारा महिने.

घेण्याआधीची तपासणी

दुकानात रेलवर आपला स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स चढवून लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र) दहा पट मोठा करावा आणि समोर तिरपी पट्टी धरावी. लेन्सचे तोंड बोटाने हलके डावी-उजवीकडे ढकलले आणि सोडल्यावर प्रतिमा मूळ जागी आली नाही, तर आडवा प्ले आहे. गुंडी पुढे फिरवून मग उलटी फिरवावी आणि प्रतिमा हलू लागेपर्यंत किती अंश रिकामे गेले ते बघावे. पाऊण फेरा रिकामा जात असेल तर नट सैल आहे. शेवटी कळ घट्ट करावी. कळ आवळताना फोकस उडी मारत असेल तर ती रेल एकेकट्या चित्रांनाही त्रास देणार, कारण आवळल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा फोकस करावा लागेल. स्टॅकिंगला कळ आवळतच नाहीत, म्हणून तिथे हा दोष एकवेळ चालतो.

सह्याद्रीच्या पावसात वापरलेली रेल घरी आणल्यावर कोरड्या फडक्याने पुसून आट्यांवर पातळ ग्रीसचा हात फिरवावा. घट्ट ग्रीस भरल्याने सैल रेल दुकानात छान, भारदस्त वाटते. जुनी रेल घेणाऱ्याने ते आधी पुसून काढायला सांगावे आणि मगच गुंडी फिरवून बघावी.