लेंडी पाहून ओळखा, घरात कोण शिरलंय

उंदीर रात्री हिंडतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत घरात त्याचं बस्तान बसलेलं असतं. म्हणून आधी त्याच्या खुणा शोधाव्यात, आणि त्यातही लेंड्या. टॉर्च घेऊन शेगडीमागे, सिंकखाली, धान्याच्या डब्यांच्या मागे आणि माळ्यावर पाहा.

तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ मिलिमीटर लांबीची टोकदार लेंडी असेल, तर तो घरातला छोटा उंदीर. एकटा प्राणीही दिवसाला ५० च्या वर लेंड्या टाकतो, त्यामुळे पसारा पाहून घाबरू नका. लेंडी साधारण १२ मिलिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती असेल, तर काळा उंदीर. हा चढण्यात पटाईत, तेव्हा माळा, छत आणि खिडकीपर्यंत आलेल्या फांद्या तपासायच्या. घूस मात्र जमीन उकरते; मोरीजवळ किंवा जोत्यालगत बीळ आणि मातीचा ढीग दिसला की तिचाच संशय घ्यावा.

ताजी लेंडी काळी, ओलसर, चकचकीत असते. जुनी राखाडी पडते आणि दाबली की भुगा होतो. जागा साफ करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं की ये-जा चालू आहे का ते कळतं.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडण्यानेच झिजतात. त्यामुळे तो साबण, लाकूड, प्लास्टिक, काहीच सोडत नाही. विजेच्या वायरीवर दातांच्या खुणा दिसल्या तर दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्या. शॉर्ट सर्किटचा धोका खरा आहे. रोज भिंतीच्या कडेनेच धावल्यामुळे त्याच्या अंगाचं तेल आणि मळ लागून तिथे काळपट पट्टा उमटतो. हा पट्टा जिथे संपतो, तिथे बहुधा त्याची फट सापडते. पेन्सिल शिरेल एवढी फट छोट्या उंदराला पुरते. ती तारेच्या घासणीने गच्च भरून वर सिमेंट लावावं.

लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री यात भरडली जाते. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. झुरळं आणि किडे खाणाऱ्या या प्राण्याला विष घालू नये, दार उघडून बाहेर काढावं.

सगळ्यात घातक खूण डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे मूत्र. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यातून पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची साथ पाहिली. लेंड्या कोरड्या झाडूने कधीही झाडू नका, धुळीबरोबर जंतू उडतात. हातमोजे घाला, जंतुनाशक शिंपडून काही मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून घ्या. आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, अंग दुखलं, तर ती पाण्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.