युद्धवार्ताहरांच्या आठवणी

युद्धभूमीवरून बातम्या व छायाचित्रे पाठवणाऱ्या पत्रकारांनी नंतर सवडीने लिहिलेले आत्मपर लेखन. सहकाऱ्याचा मृत्यू हा या लेखनाचा नित्याचा विषय आहे, आणि पुष्कळदा पुस्तक लिहिण्याचे कारणही तेच असते. बातमी देताना वार्ताहर स्वतःला बाजूला ठेवतो. शेजारी उभा असलेला मित्र गेला की ते जमत नाही. तरी धंद्याची सवय सुटत नाही. शोक मांडण्याआधी तो चौकशीला लागतो : गोळी कोठून आली, हुकूम कोणाचा होता, त्या दिवशी तिथे जायचे कोणी ठरवले.

याचे ठळक उदाहरण लाओसचे. १० फेब्रुवारी १९७१ रोजी हो चि मिन्ह मार्गावर (व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामची लाओसमधून जाणारी रसदवाट) दक्षिण व्हिएतनामी हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर विमानवेधी तोफांनी पाडले. लॅरी बरोज (लाइफ), आँरी ह्यूए (असोसिएटेड प्रेस), केंट पॉटर (युनायटेड प्रेस इंटरनॅशनल) आणि न्यूजवीकसाठी काम करणारे केइसाबुरो शिमामोटो हे छायाचित्रकार त्यात होते. अमेरिकन हेलिकॉप्टरांतून लाओसमध्ये जाण्यास वार्ताहरांना मनाई असल्यामुळे त्यांनी दक्षिण व्हिएतनामी हेलिकॉप्टरची वाट धरली होती. उत्तर व्हिएतनामच्या ताब्यातील त्या डोंगराळ मुलखात शोध घेणे तेव्हा शक्यच नव्हते. असोसिएटेड प्रेसच्या सायगाव कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड पाइल आणि छायाचित्र-संपादक होर्स्ट फास यांनी मात्र हा विषय सोडला नाही. १९९८ साली अमेरिकन शोधपथकाने त्या उतारावर उत्खनन केले, तेव्हा दोघेही तिथे पोचले. कॅमेऱ्यांचे तुकडे, फिल्म आणि थोडे अवशेष सापडले. एकेकाची ओळख पटावी इतके ते नव्हते. २००३ मध्ये दोघांचे पुस्तक आले. त्यात शोक आहे, पण तो जवळजवळ पंचनाम्याच्या भाषेत येतो, आणि हेच त्याचे बळ आहे. २००८ मध्ये हे अवशेष वॉशिंग्टनच्या ‘न्यूझियम’ या पत्रकारिता-संग्रहालयात एकत्र ठेवण्यात आले.

असा शेवट सर्वांच्या वाट्याला येत नाही. एप्रिल १९७० मध्ये छायाचित्रकार शॉन फ्लिन व डेना स्टोन मोटारसायकलींवरून कंबोडियातील रणक्षेत्रात गेले आणि परतलेच नाहीत. त्यांचे मित्र, छायाचित्रकार टिम पेज यांनी पुढे अनेक वर्षे त्यांचा माग काढला, त्यावर लिहिले; ठाम उत्तर मिळाले नाही.

दक्षिण आफ्रिकेत १८ एप्रिल १९९४ रोजी थोकोझा वस्तीतील गोळीबारात छायाचित्रकार केन ऊस्टरब्रूक ठार झाले व त्यांचे सहकारी ग्रेग मरिनोविच जबर जखमी झाले. पहिली सार्वत्रिक लोकशाही निवडणूक तेव्हा जेमतेम आठवड्यावर आली होती. मरिनोविच व छायाचित्रकार जुआव सिल्वा यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात (२०००) त्या गोळीचा शोध आहेच, शिवाय इतरांच्या यातनांची छायाचित्रे काढून पोट भरण्याविषयीची अस्वस्थताही आहे.

सीरियातील होम्स शहरात २२ फेब्रुवारी २०१२ रोजी तोफमाऱ्यात वार्ताहर मेरी कोल्विन आणि छायाचित्रकार रेमी ओशलिक मारले गेले. कोल्विन यांचे सहकारी पॉल कॉनरॉय वाचले. ते पूर्वी ब्रिटिश तोफखान्यात होते. गोळे टप्प्याटप्प्याने जवळ येत आहेत, म्हणजे नेम धरला जातो आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे २०१९ मध्ये अमेरिकन न्यायालयाने या हत्येसाठी सीरियन सरकारला जबाबदार धरले.

या वाङ्मयप्रकाराची मोठी उणीव म्हणजे ‘सहकारी’ कोणाला म्हणायचे, यातला संकुचितपणा. दुभाषे, चालक, वाट दाखवणारे स्थानिक लोक वार्ताहरांइतकाच धोका पत्करतात, पण बहुतेक पुस्तकांत ते पहिल्या नावाने येतात आणि लवकरच दिसेनासे होतात. लाओसच्या त्या हेलिकॉप्टरमध्ये दक्षिण व्हिएतनामी सैन्याचे छायाचित्रकार सार्जंट तू वू हेही होते. तरी ‘चार छायाचित्रकार’ असाच उल्लेख रूढ झाला. फास व पेज यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या छायाचित्रग्रंथाने ही चूक काहीशी दुरुस्त केली. इंडोचायनातील युद्धांत मेलेल्या वा बेपत्ता झालेल्या १३५ छायाचित्रकारांची त्यात नोंद आहे, आणि उत्तर व्हिएतनामच्या बाजूने लढाई टिपणारेही त्यांत आहेत.