ओव्हरक्लॉकिंग करताय? मग मे महिन्यातली दुपार धरून करा

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवायचा म्हटलं की सगळे आकड्याच्या मागे लागतात, पाच गिगाहर्ट्झ झालंच पाहिजे वगैरे, पण तो आकडा टिकणार की नाही हे व्होल्टेज आणि खोलीतली गरमी ठरवते, आणि गोव्यात ही गरमी भारी पडते.

बहुतेक मदरबोर्डवर बेस क्लॉक, म्हणजे सगळ्यांना ताल देणारा मूळ ठोका, १०० मेगाहर्ट्झ असतो, त्याला मल्टिप्लायर नावाच्या आकड्याने गुणायचं की प्रोसेसरचा स्पीड मिळतो, ४५ असेल तर ४.५ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाचं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन हा मल्टिप्लायर वाढवायचा, मूळ काम एवढंच. इंटेलमध्ये त्यासाठी नावात के अक्षर असलेलं मॉडेल आणि झेड सिरीजचा बोर्ड लागतो, एएमडीचे रायझेन जवळजवळ सगळे अनलॉक्ड असतात, म्हणजे मल्टिप्लायर बदलता येतो, पण ए सिरीजचा स्वस्त बोर्ड घेतलात तर तिथे जमत नाही. इंटेलच्या १९९८ च्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरमध्ये मल्टिप्लायर लॉक होता, म्हणून लोक बस, म्हणजे बेस क्लॉकच, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर न्यायचे आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळवायचे.

५ गिगाहर्ट्झला क्लॉकच्या एका ठोक्यासाठी फक्त ०.२ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सिग्नल पोचला नाही की उत्तर चुकतं, मग कधी निळी स्क्रीन येते, कधी पीसी आपोआप रिस्टार्ट होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी काहीच दिसत नाही पण फाइल खराब होऊन बसते. म्हणून सुरुवात करायच्या आधी बॅकअप घ्याच. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर स्विच होतात आणि सिग्नल वेळेत पोचतो, पण त्याची किंमत जबर आहे कारण पॉवर स्पीडच्या प्रमाणात आणि त्यावर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. समजा ४.५ चं ४.९ केलं, म्हणजे स्पीड जेमतेम ९ टक्के वाढला, पण त्यासाठी १.२० चं १.३२ व्होल्ट करावं लागलं तर पॉवर ३२ टक्क्यांच्या आसपास वाढते. १०० वॉटचे १३२ वॉट! आणि ही सगळी उष्णता कूलरनेच बाहेर काढायची.

आता इथली गंमत बघा. कूलर एअरचा असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, खोलीचं तापमान अधिक काहीतरी असंच ते गणित असतं. रात्री एसी २४ वर ठेवून टेस्ट केली आणि ७७ डिग्री आले तर खूश व्हायला होतं, पण म्हापशात किंवा फोंड्यात मे महिन्यात दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरवर पीसी चालतोय, एसी बंद, खोली ३३ वर, तर तोच लोड ८६ च्या वर जातो, कारण चिप तापली की लीकेज, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून वाया झिरपणारा करंटही वाढतो. म्हणून टेस्ट एसी बंद करून, भर दुपारी करा. प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं प्राइम९५ किंवा ओसीसीटी हे सॉफ्टवेअर निदान काही तास चालवा आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमानासोबत डब्ल्यूएचईए एररचा (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअर चुकांचा) आकडाही बघा, तिथे एक जरी एरर दिसला तरी ते सेटिंग कच्चं समजायचं, क्रॅश झालं नसलं तरीही. मल्टिप्लायर एकेक पायरीनेच वाढवा आणि व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, बरेच बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा जास्त देतात.

बर्फाचं पाणी, चिलर वगैरे व्हिडिओ बघून इथे कुणी करायला जाऊ नका. आपल्या दमट हवेत २४-२५ डिग्रीच्या खालच्या वस्तूवर पाणी जमतं, ते मदरबोर्डवर जमलं तर शॉर्ट.

जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू झिजते सुद्धा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हेच झालं, काही वेळा व्होल्टेज प्रमाणाबाहेर जायचं आणि स्टॉक (कंपनीच्या मूळ) सेटिंगवर सुद्धा ते अस्थिर व्हायला लागले, मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून आला. ते प्रोसेसर असतील तर बायोस अपडेट आधी, बाकी सगळं नंतर, आणि अपडेट करताना पीसी यूपीएसवरच असू दे.

माझं स्पष्ट मत, रोजच्या वापराला उलट दिशेने जा, म्हणजे स्पीड तोच ठेवून व्होल्टेज थोडं कमी करा. आजचे प्रोसेसर थंड राहिले तर बूस्ट, म्हणजे आपोआप वाढवलेला स्पीड, स्वतःच जास्त वेळ टिकवतात. रायझेन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, म्हणजे प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं बायोसमधलं सेटिंग, सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० पासून सुरुवात करा आणि पीसी रिकामा असतानाही नीट चालतो का ते बघा, कारण यातले क्रॅश बरेचदा लोड नसतानाच येतात.