कमी अक्षांशांवरील ध्रुवीय प्रकाश

ध्रुवीय प्रकाशाच्या नेहमीच्या पट्ट्यापासून विषुववृत्ताच्या बाजूला, तीव्र भूचुंबकीय वादळात (सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोताने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळले जाते तेव्हा) दिसणारा प्रकाश. या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात : दूरच्या ध्रुवीय प्रकाशाचा वरचा तांबडा भाग, स्थिर तांबडा कंस आणि स्टीव्ह. स्टीव्ह हा जांभळट, अरुंद पट्टा. त्यात वायूचा झोत सेकंदाला सुमारे ६ किमी. वेगाने वाहतो. तो कॅनडासारख्या उत्तरेकडील देशांतून दिसतो, आपल्याकडून नाही.

स्थिर तांबडा कंस १९५६ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम नोंदला गेला. त्याची उंची सुमारे ४०० किमी. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतभारित कणांच्या कड्यातील, म्हणजे वलयप्रवाहातील, उष्णता चुंबकीय बलरेषांवरून खाली उतरते, तिथले इलेक्ट्रॉन तापतात आणि ऑक्सिजनचे अणू ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतात. उत्तेजित अणूला तो सोडायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. २०० किमी.च्या खाली हवा इतकी दाट, की त्याआधीच दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते. तांबडा रंग फक्त उंचावर का, याचे उत्तर हेच.

मराठवाड्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर भौगोलिक १९.९ अंशांवर असले तरी चुंबकीय अक्षांश, म्हणजे चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबाने मोजलेला अक्षांश, साधारण ११ अंशच भरतो, कारण चुंबकीय ध्रुव अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे. ४०० किमी. उंचीवरचा प्रकाश क्षितिजापासून १० अंश वर दिसायचा, तर तो सुमारे १,३५० किमी. उत्तरेला, म्हणजे हिमाचल-लडाखच्या डोक्यावर असायला हवा. १०० किमी. उंचीचा हिरवा प्रकाश तिथून आपल्या क्षितिजाखालीच राहतो. ११ मे २०२४ च्या पहाटे लडाखमधील हानले येथून तांबडा प्रकाश टिपला गेला, पण तो तिथूनही उत्तर क्षितिजाकडेच होता. मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळाची आहे. म्हणजे मराठवाड्यात अशक्य नाही, पण अत्यंत दुर्मिळ.

निरीक्षण

ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली चांदणे नसलेली रात्र उत्तम. मे महिन्यात धुरळा क्षितिज खातो. जागा उत्तरेला मोकळी हवी. बालाघाटची उत्तर कड सोयीची, मात्र खाली गोदाकाठच्या गावांचे दिवे येतात. ध्रुवतारा इथे १८ ते २० अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका. प्रकाश त्याच्याही खाली शोधावा. अंधारात डोळ्याला तांबडा रंग जवळजवळ कळत नाही, म्हणून राखाडी उजाळा दिसला तरी कॅमेरा लावावा : तिपाई, रुंद लेन्स, एफ/२.८, आयएसओ ३२००, १५ ते २० सेकंद. फोकस ताऱ्यावर हाताने करावा आणि व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनवर बांधून ठेवावा. तो ऑटोवर राहिला, की प्रत्येक फोटोचा रंग बदलतो आणि तुलनाच करता येत नाही.

फसवणारे प्रकाश बरेच : फडातले जळते पाचट, वीटभट्टी, साखर कारखान्याचे दिवे. हे सारे ढगावर किंवा धुरावर पडतात आणि त्यामागचे तारे झाकले जातात. खऱ्या प्रकाशातून तारे आरपार दिसतात. सेन्सर तापूनही फोटोच्या कडेला तांबूस डाग येतो. त्यासाठी कॅमेरा दक्षिणेकडे वळवून तसाच एक फोटो घ्यावा. डाग तिथेही आला, तर दोष कॅमेऱ्याचा. शेवटी वेळ डीएसटी निर्देशांकाशी ताडून पाहावी; हा आकडा वादळाची तीव्रता सांगतो, तो जितका उणे तितके वादळ मोठे. मे २०२४ च्या वादळात तो उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला होता, आणि तरीही प्रकाश हानलेच्या उत्तरेलाच राहिला.