स्लॉथच्या केसांत राहणारा पतंग

क्रिप्टोसेस कोलोएपी हा पतंग दिसायला अगदीच साधा. करडा-तपकिरी रंग, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, पंखांवर डोळ्यांत भरेल अशी नक्षी नाही. त्याचा पत्ता मात्र जगावेगळा आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत झाडांना उलटे लटकणाऱ्या स्लॉथ या संथ प्राण्याच्या केसांत तो राहतो. अंग चपटं आणि गुळगुळीत असल्यामुळे दाट केसांतून तो सरसर सरकतो. एकेका स्लॉथवर असे शंभराहून अधिक पतंग सापडले आहेत!

अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ हॅरिसन डायर यांनी १९०८ मध्ये या जातीचं वर्णन केलं. तिच्या अळ्या वाढतात कुठे, याचा उलगडा व्हायला मात्र १९७६ उजाडलं. उत्तर होतं स्लॉथच्या लेंड्यांमध्ये.

तीनबोटी स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच शौचासाठी खाली उतरतो. बुंध्याशी आखूड शेपटीने खळगा करतो, त्यात लेंड्या टाकतो, वर पालापाचोळा लोटतो आणि पुन्हा चढू लागतो. पतंगाच्या मादीला हवी असते ती नेमकी हीच वेळ. केसांतून बाहेर येऊन ती ताज्या लेंड्यांवर अंडी घालते. अळ्या त्याच लेंड्या खातात आणि तिथेच कोषात जातात. कोषातून निघालेला पतंग झाडांच्या शेंड्यांकडे उडतो आणि स्लॉथ शोधतो. तो सापडला की उडण्याचं काम जवळपास संपलंच.

पण स्लॉथ खाली येतोच कशाला? जमिनीवर त्याला जग्वारसारख्या शिकाऱ्यांचं भय असतं. २०१४ मध्ये कोस्टारिकातल्या स्लॉथवर झालेल्या संशोधनाने एक उत्तर सुचवलं. ज्यांच्या अंगावर पतंग जास्त, त्यांच्या केसांत नायट्रोजन जास्त आणि हिरवं शेवाळही जास्त. काही स्लॉथच्या पोटातही शेवाळ आढळलं. म्हणजे पतंग मरून कुजतात, त्यांच्या खतावर शेवाळ वाढतं आणि स्लॉथ ते खातो, असा तर्क.

तर्क देखणा आहे, पण मला तो पुरता पटत नाही. दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली, असं ठरत नाही. खाली उतरण्यामागे आपल्या वासाची खूण सोडणं, असं साधं कारणही असू शकतं. एक गोष्ट मात्र या तर्काच्या बाजूने जाते: दोनबोटी स्लॉथ खाली उतरण्याबाबत इतके काटेकोर नसतात, कधीकधी वरूनच उरकतात, आणि त्यांच्या अंगावर पतंग आणि शेवाळ दोन्ही कमी आढळले.