आठ घरांत न मावलेलं उत्तर

पुलाचा गर्डर असो की गाडीची चासी, संगणकात तिचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि भार टाकल्यावर कुठला तुकडा किती दबतो, किती ताणला जातो ते काढायचं, ही झाली फायनाइट एलिमेंट पद्धत. पडद्यावर लाल-निळं चित्र उमटतं, मीटिंगमध्ये सगळे खूश होतात. पण चित्रावरून पुढचं गणित होत नाही. त्यासाठी उत्तरं साध्या मजकुराच्या फायलीत उतरवावी लागतात, आणि मेख तिथेच आहे.

नासाने १९६०च्या दशकात नॅस्ट्रन हा याच पद्धतीचा प्रोग्राम तयार करायला घेतला तेव्हा माहिती पंच कार्डांवरून, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कागदी कार्डांवरून, संगणकात जाई. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या या कार्डावर ८० उभे रकाने. नॅस्ट्रनने त्यांचे आठ-आठ घरांचे दहा गट पाडले. कार्डं कधीच रद्दीत गेली, आठाचा हिशेब मात्र अजून चालू आहे. फायलीतल्या ओळीला आजही आम्ही ‘कार्ड’च म्हणतो.

जागा इतकी तोकडी, की ०.००००१२३४ हा आकडा तिथे १.२३४-५ असा लिहिला जातो. दहाचा घात दाखवणारं ‘ई’ हे अक्षरसुद्धा वाचवलेलं! ही वजाबाकी नव्हे. शेजारी-शेजारी दोन ऋण आकडे आले की ओळ अशी दिसते:

-१.२३४-५-२.८७१-४

मध्ये ना मोकळी जागा, ना स्वल्पविराम. आठ अक्षरं मोजून कापलं तरच आकडे सुटे होतात. फाईल वाचायला घाईत लिहिलेली पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) इथे हमखास अडखळते.

ती अडखळते हे बरंच. खरी भीती मुकाट्याने होणाऱ्या चुकीची. समजा, भाराखाली वाकलेला आकार पुढच्या विश्लेषणासाठी बाहेर काढायचाय. एका नोडचा (तुकडे जिथे जोडले जातात त्या बिंदूचा) एक्स, म्हणजे आडव्या दिशेतलं स्थान, -१२३४.५६१ मिमी होता, तो ०.००३ मिमी सरकून -१२३४.५५८ झाला. उणे चिन्ह आणि दशांशचिन्ह धरून आठ घरांत बसतं -१२३४.५६. सरकण्याआधी तेच, सरकल्यावरही तेच. रात्रभर संगणक राबवून काढलेलं उत्तर लिहितानाच पुसलं गेलं, आणि फाईल दिसायला अगदी नीटनेटकी. उपाय जुनाच आहे: कार्डाच्या नावाला तारा (*) जोडला की प्रत्येक आकड्याला सोळा घरं मिळतात. फाईल फुगते. फुगू दे.

एककांचं तर आणखीच अवघड. फायलीत नुसते आकडे असतात. ते मिमी की मीटर, हे प्रोग्रामला ठाऊक नसतं आणि तो विचारतही नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ हरवलं. ते प्रकरण फायनाइट एलिमेंटचं नव्हतं, पण दुखणं हेच. यानाच्या थ्रस्टरच्या (छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे आकडे फायलीत पौंड-सेकंदांत गेले, वाचणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद धरले. फरक सुमारे ४.४५ पट.

डॉलर चिन्हाने सुरू होणारी ओळ नॅस्ट्रन वाचत नाही, सोडून देतो. माझ्या प्रत्येक फायलीत पहिली ओळ तीच असते: ‘$ मिमी, टन, सेकंद, न्यूटन’.